क्रेडिट म्हणजे नेमकं काय? पैसे येणार की जाणार?



आज फक्त एका शब्दावर बोलायचंय. मोबाईलवर मेसेज येतो, "क्रेडिटेड". होलसेलवाला विचारतो, "रोख की क्रेडिट?" सीए फोन करून म्हणतात, "या महिन्याचं क्रेडिट घेतलं का?" आणि बँकेतले साहेब म्हणतात, "आधी तुमचं क्रेडिट तपासू." शब्द एकच, पण चारही वेळा अर्थ वेगळा. नवीन धंदेवाला चारही ठिकाणी मान डोलावतो आणि मग फसतो.

आमच्या एका बॅचला मसाले बनवणाऱ्या ताई होत्या. एका मोठ्या दुकानाला त्यांनी ६२,००० रुपयांचा माल दिला. त्यातला ८,४०० चा माल परत आला. दुकानाचा माणूस फोनवर म्हणाला, "ताई, ८,४०० चं क्रेडिट करून टाका." ताईंना वाटलं, ८,४०० रुपये आपल्या खात्यात क्रेडिट होणार. त्या हिशोबाने त्यांनी मिरचीची ऑर्डर देऊन ठेवली. प्रत्यक्षात हातात आले ५३,६००. कारण तो माणूस मागत होता क्रेडिट नोट.

क्रेडिट नोट म्हणजे माल विकणाऱ्याने घेणाऱ्याला दिलेला कागद: "तुमचा माल परत आला, तुमच्याकडून मला येणं असलेल्या रकमेतून एवढे कमी केले." म्हणजे क्रेडिट दुकानाला मिळालं, ताईंचे पैसे कमी झाले. यात दुकानदाराने काही फसवलं नाही. ताईंनी शब्द बरोबर ऐकला, फक्त तो कुणाच्या बाजूचा हे विचारलं नाही. (जीएसटी नोंदणी असेल तर अशी नोट वेळेत काढून रिटर्नमध्ये दाखवा. विक्री ज्या आर्थिक वर्षातली, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच. नंतर माल परत आला तरी त्यावर भरलेला टॅक्स तुमच्या गळ्यात राहतो.)

आता हा घोळ होतो का? या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ विश्वास ठेवणे. आपल्या मराठीत याच्या प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द आहे. माल आधी, पैसे नंतर, ती उधारी. खात्यात आले ते जमा. बाजारात तुमच्यावर जो भरवसा आहे ती पत, म्हणून तर क्रेडिट सोसायटीला आपण पतसंस्था म्हणतो. चांगल्या कामाचं मिळतं ते श्रेय. इंग्रजीने हे सगळं एकाच पिशवीत भरलंय. म्हणून माझी एक सवय सांगतो: कुणी क्रेडिट म्हणालं की मनात लगेच मराठी शब्द लावून बघायचा. उधारी, जमा, पत की श्रेय? ऐंशी टक्के गोंधळ तिथेच सुटतो.

बँकेचं क्रेडिट आणि टॅलीचं क्रेडिट

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. "सर, बँकेत पैसे आले की बँक क्रेडिट म्हणते, आणि अकाउंटंट टॅलीमध्ये तेच डेबिट टाकतो. चुकतंय कोण?"

कुणीच नाही. बँकेचं स्टेटमेंट ही बँकेची वही आहे, तुमची नाही. तुम्ही १०,००० भरले म्हणजे बँक तुमचं १०,००० देणं लागते, म्हणून ती आपल्या वहीत तुमच्या नावावर जमा करते. तुमच्या वहीत मात्र बँकेकडून १०,००० येणं आहे, म्हणून तिथे बँक खातं नावे पडतं, म्हणजे डेबिट. व्यवहार एक, वह्या दोन.

आणि काउंटरवर बसणाऱ्यांसाठी: गिऱ्हाईकाने त्याच्या मोबाईलवर "क्रेडिटेड" असं दाखवलं किंवा तसा एसएमएस तुम्हाला आला, एवढ्यावर माल देऊ नका. असे खोटे मेसेज बनवता येतात. आपलं ॲप उघडून शिल्लक बघा, मगच पिशवी हातात द्या.

उधारी: तुम्ही घेता किती, देता किती

"आज रोख, उद्या उधार" ही पाटी दुकानात लावणं सोपं आहे. पण दुसऱ्या धंद्यांना माल पुरवायचा असेल तर क्रेडिट पिरियड द्यावाच लागतो. तिथे एक साधं गणित करा. कच्चा माल देणारा तुम्हाला १५ दिवसांची मुदत देतो आणि तुम्ही गिऱ्हाईकाला ४५ दिवसांची देता. मधले ३० दिवस कुणाच्या पैशावर चालले? तुमच्या. महिन्याचा खर्च ८०,००० असेल तर साधारण तेवढे पैसे कायम बाजारात अडकलेले राहणार. धंदा दुप्पट झाला तर १,६०,००० अडकणार. ऑर्डर वाढतायत आणि खिसा मात्र रिकामा, असं वाटतं ते यामुळे.

यावर एक कायदा तुमच्या बाजूने आहे आणि बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो. एमएसएमई विकास कायदा, २००६. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल, उत्पादन किंवा सेवा देत असाल आणि उद्यम नोंदणी असेल, तर खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. बिलावर उद्यम नंबर छापा. मोठ्या गिऱ्हाईकाशी भांडायला कुणाला आवडत नाही हे मलाही कळतं, पण बिलावरचा तो नंबर न भांडता काम करतो.

बँकेचं सीसी खातं, म्हणजे कॅश क्रेडिट, हीसुद्धा उधारीच. नावात कॅश असलं तरी ती तुमची कॅश नाही. "मला पाच लाखांचं सीसी मंजूर झालं" असं सांगत पेढे वाटणारे मी पाहिलेत. पण पाच लाख ही वरची मर्यादा असते. प्रत्यक्षात किती काढता येतील ते स्टॉक आणि येणी यावर ठरतं. समजा येणी काही नाहीत, गोडाऊनमध्ये ४ लाखांचा माल आहे आणि त्यातला १ लाखाचा तुम्ही स्वतः उधारीवर आणलाय. उरले ३ लाख. बँकेने २५ टक्के मार्जिन धरलं तर काढता येतील फक्त २,२५,०००. व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं, हा मात्र फायदा.

जीएसटीचं क्रेडिट

हे पाचवं प्रकरण. इनपुट टॅक्स क्रेडिट उधारी नाही आणि बँकेत जमाही होत नाही. तुम्ही खरेदीवर भरलेला टॅक्स विक्रीच्या टॅक्समधून वजा करायचा, एवढंच. ५०,००० चा माल घेतला, १८ टक्क्यांनी ९,००० टॅक्स दिला. ८०,००० ला विकला, १४,४०० टॅक्स घेतला. सरकारला रोख भरायचे ५,४००.

पण तुमच्याकडे बिल आहे म्हणून क्रेडिट मिळेलच असं नाही. सप्लायरने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं पाहिजे, तरच ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसेल. दर महिन्याला हे जुळवून बघा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. आणि कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर हे क्रेडिट तुम्हाला नाहीच. तेव्हा तिथे भाव काढताना खरेदीवरचा टॅक्स खर्चात धरा. बरेच जण विसरतात आणि नफा कुठे गेला ते शोधत बसतात.

शेवटी पत. सिबिलचा स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. कर्ज कधी घेतलंच नाही म्हणजे स्कोअर चांगला, हा गैरसमज काढून टाका. इतिहासच नसेल तर बँकेला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलात आणि त्याने हप्ते बुडवले, तर त्याचा डाग तुमच्याही रिपोर्टवर येऊ शकतो. जुन्या क्रेडिट कार्डावर थोडे पैसे भरून "सेटल" केलं असेल तर तो शेराही तिथे दिसतो. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. कर्जाचा अर्ज टाकण्याच्या दोन-तीन महिने आधी तो काढा, म्हणजे त्यात तुमच्या नावावर चुकून दुसऱ्याचं कर्ज दिसत असेल तर तक्रार करून दुरुस्त करायला वेळ राहतो.