जिग की जिवंत मिनो? क्रॅपीसाठी गळाला काय लावायचं

(भाग ऐकायला वेळ नसेल तर हे वाचा. बोलतानाचे अडखळणं आणि "म्हणजे, म्हणजे" काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

००:०० – सुरुवात

मागच्या आठवड्यात डॅलसजवळ राहणाऱ्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, पहिल्यांदाच क्रॅपी पकडायला निघालोय. आमिषाच्या दुकानात उभा आहे. एका भिंतीवर शेकडो रंगीत जिग, दुसरीकडे जिवंत मिनोंची टाकी. काय घेऊ?" मी मीटिंगमध्ये होतो, उत्तर द्यायचं राहिलं. तो बिचारा दोन्ही घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. म्हणून आजचा भाग.

घाईत असाल तर उत्तर एका दमात सांगतो. मासे कुठे आहेत हे माहीत नसेल, किंवा पाणी गार असेल, तर मिनो. मासे सापडले आणि ते खायच्या मूडमध्ये असतील, तर जिग. पण असं का, ते कळलं तर पुढच्या वेळी मला मेसेज करावा लागणार नाही.

०१:२० – आधी मासा समजून घेऊ

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा. काळा आणि पांढरा अशा दोन जाती. अमेरिकेत काही लोक "क्रॅपी" म्हणतात, काही "क्रॉपी". लुईझियानात तर त्याचं नावच वेगळं, "साकाले". चवीला सौम्य, मांस पांढरंशुभ्र.

आपल्या कामाच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, त्याचे डोळे डोक्यात वरच्या बाजूला असतात. तो वर बघतो आणि वर येऊन खातो. आमिष त्याच्या खाली गेलं, की बहुतेक वेळा ते त्याच्या लेखी नाहीच.

दोन, त्याच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते. जोरात हिसका दिला की फाटते आणि मासा गेला.

तीन, तो थव्याने राहतो आणि आडोसा शोधतो. बुडालेली झाडं, फांद्या, पुलाचे खांब, बोटींचे धक्के. एक मिळाला तर तिथेच अजून असण्याची शक्यता मोठी.

०२:५० – मिनो: स्वतःच काम करणारं आमिष

मिनो म्हणजे बोटाएवढा छोटा मासा. दुकानात डझनाच्या हिशोबाने मिळतो, बहुतेक वेळा फॅटहेड मिनो ही जात. बारीक तारेचा ४ किंवा ६ नंबरचा गळ, त्याच्या वर साधारण वीतभर अंतरावर शिशाची बारीक गोळी आणि पाण्यावर तरंगणारा बॉबर. झाली तयारी. बारीक तारेचा फायदा असा, की गळ फांदीत अडकला तर हळू ओढल्यावर वाकून सुटतो.

मिनो एका जागी लटकवायचा असेल तर पाठीवरच्या पराखाली, कण्याच्या वरून अडकवा. टाकून ओढत आणायचा असेल तर दोन्ही ओठांतून.

मिनोची ताकद काय? तुम्ही काहीच केलं नाही तरी तो हलतो. मासा जवळ येतो, बघतो, विचार करतो, तेवढा वेळ आमिष तिथेच असतं. शिवाय ते खरंखुरं खाणं आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर मिनो म्हणजे पिंग: इथे मासा आहे की नाही, एवढं तो प्रामाणिकपणे सांगतो.

तोटा म्हणजे मिनो जिवंत ठेवावा लागतो. मी पहिल्यांदा बादलीत घरच्या नळाचं पाणी भरलं होतं. तळ्यावर पोचेपर्यंत अर्धे मिनो उलटे! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. दुकानातलंच पाणी घ्या, बादलीत गर्दी करू नका, हवा सोडणारा छोटा पंप लावा. उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला त्यात थेट बर्फ टाकू नका, बंद बाटलीत गोठवलेलं पाणी ठेवा.

आणि जिवंत जीव गळाला अडकवताना हात थरथरत असेल तर लाजू नका. माझाही थरथरला होता. "मला हे नको वाटतं" हेही जिग निवडायचं पुरेसं कारण आहे.

०५:०० – जिग: तुम्ही जिवंत करायचं आमिष

जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, त्यावर मऊ प्लास्टिकची शेपटी, पिसं किंवा केस. क्रॅपीसाठी तो हलका लागतो. औंसाचा सोळावा भाग, म्हणजे पावणेदोन ग्रॅम, इथून सुरुवात करा. उथळ पाण्यात बत्तिसावा भाग, वारा किंवा खोली जास्त असेल तर आठवा. दोरी ४ ते ८ पाउंडांची.

जिगची ताकद वेगात आहे. मासा काढला की तोच जिग लगेच परत पाण्यात. बादली नको, पंप नको. चार जागा पटापट तपासता येतात. वसंतात नर मासे काठाजवळ अंडी राखत असतात, तेव्हा समोर आलेल्या जिगवर ते चिडूनही हल्ला करतात.

पण जिगला जीव तुम्ही द्यायचा असतो आणि नवशिका इथेच चुकतो. तो जास्त हलवतो. छोटा मासा काही सारखा उड्या मारत नाही. जिग पाण्यात नेला, की बऱ्याचदा नुसता धरून ठेवणं पुरतं. पाण्याच्या हालचालीने शेपटी हलतेच.

अजून एक बारीक गोष्ट. जिग पाण्यात आडवा लटकला पाहिजे, माशासारखा. मासा काढल्यावर गाठ पुढे सरकते आणि जिग उभा लटकायला लागतो. दर वेळी गाठ बोटाने मागे घ्या.

चावा कसा ओळखायचा? कधी दोरीत "टक्" जाणवतं. पण कधी दोरी अचानक सैल पडते, किंवा बॉबर बुडण्याऐवजी आडवा होतो. कारण तेच, मासा खालून वर येतो आणि आमिष उचलतो. तेव्हा हिसका नको, रॉड फक्त वर घ्या.

०७:१० – पाणी बघून ठरवा

पाणी ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली असेल, तर मासा सुस्त असतो. तो पाठलाग करत नाही. तेव्हा मिनो, नाहीतर जवळजवळ स्थिर धरलेला जिग.

६० ते ६८ फॅरनहाइटला, म्हणजे १५ ते २० सेल्सिअसच्या आसपास, मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात. तेव्हा जिगची मजा.

पाणी गढूळ असेल तर मिनो, किंवा काळा आणि झगझगीत पोपटी अशा ठळक रंगाचा जिग. स्वच्छ पाण्यात पांढरा, करडा असे माशासारखे रंग.

दोन्हींच्या मधला मार्गही आहे: जिगच्या गळाला छोटा मिनो लावायचा. मासे आमिषाजवळ येऊन परत फिरत असतील तेव्हा हे करून बघा.

०८:२० – बाबा ४, मी ०

आता खरी गोष्ट. गेल्या मार्चमध्ये बाबा दोन महिन्यांसाठी आले होते. मालवणजवळ वाढलेला माणूस, लहानपणी गरी घेऊन खाडीवर गरवायला जायचे. इथे अपार्टमेंटमध्ये दिवसभर खिडकीतून पार्किंग बघत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "माझं तिकीट आधीचं करून मिळेल का रे?" त्या शनिवारी मी त्यांना रे रॉबर्ट्स तलावावरच्या स्टेट पार्कमध्ये घेऊन गेलो.

माझ्याकडे जिगचा नवा डबा, चोवीस रंग. बाबांनी मिनो आणि बॉबर घेतला. दोन तासांत बाबा ४, मी ०. मी दर दहा मिनिटांनी रंग बदलत होतो. बाबा शांतपणे म्हणाले, "माशाक घाई नाय, तुका आसा."

मग मी त्यांच्या बॉबरकडे नीट बघितलं. त्यांचा मिनो बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर, चार फुटांवर लटकत होता. माझा जिग त्याच्या बराच खाली जात होता, जिथून मासा बघतच नाही. मी जिगला बॉबर लावला आणि खोली चार फूट केली. अर्ध्या तासात तीन मासे. चौथ्याला उत्साहात हिसका दिला, तोंड फाटून गेला. तोपर्यंत बाबांचे मिनो संपले होते. मग त्यांनी हात पुढे केला, "दे तुझा तो रंगीत." अंधार पडेपर्यंत ते जिगवरच होते.

डीबगिंगचा नियम मी रोज ऑफिसात सांगतो: एका वेळी एकच गोष्ट बदला. तळ्यावर मात्र चुकीची गोष्ट बदलत बसलो होतो. क्रम असा ठेवा: आधी जागा, मग खोली, मग वेग, रंग सगळ्यात शेवटी. मिनो की जिग हा प्रश्न खोली बरोबर असेल तरच महत्त्वाचा.

रात्री रवा लावून तळलेले मासे खाताना तिकिटाचा विषय निघाला नाही.

१०:०५ – नियम, आणि हे खरंच पाळा

टेक्ससमध्ये साधारण नियम असा: दिवसाला माणशी २५ क्रॅपी, आणि १० इंचांपेक्षा छोटा मासा परत सोडायचा. काही तलावांचे नियम वेगळे आहेत, जाण्याआधी तपासा. १७ वर्षांपासून पुढे लायसन्स लागतं. पण स्टेट पार्कच्या काठावरून मासे पकडायला लागत नाही. भेटीला आलेल्या आईबाबांसाठी हे सोयीचं आहे.

आणि उरलेले मिनो तलावात सोडू नका. "जीव वाचवला" असं वाटतं, पण त्यांच्याबरोबर बाहेरची जात किंवा रोग तिथे जाऊ शकतो. शेजारच्या गळवाल्याला द्या, नाहीतर कचऱ्यात टाका. निघताना बादलीतलं आणि बोटीतलं पाणी तिथेच ओतून रिकामं करा. २०१४ पासून टेक्ससभर तसा नियम आहे, कारण झेब्रा शिंपले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि बादलीभर पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात. रे रॉबर्ट्समध्ये ते २०१२ मध्ये सापडले.

११:३० – शेवटी

तर त्या श्रोत्यासाठी: पुढच्या वेळी दोन डझन मिनो आणि दोनच रंगांचे जिग घे, एक पांढरा, एक काळा-पोपटी. मिनोने जागा आणि खोली शोध. दोन मासे लागले की त्याच खोलीवर जिग लाव. आणि या वेळी मेसेज कर, मीटिंग असली तरी उत्तर देईन.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, हिसका देऊ नका!