त्वचेतील पहारेकरी आणि सूर्यकिरण

१८६८ साली बर्लिन येथे वैद्यकाचे शिक्षण घेत असलेल्या पाउल लांगरहान्स नावाच्या तरुण विद्यार्थ्याने मानवी त्वचेचा एक पातळ काप सुवर्णक्षाराच्या द्रावणात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्वचेच्या अगदी वरच्या थरात त्यास काही विलक्षण पेशी दिसल्या. झाडाला फांद्या फुटाव्यात त्याप्रमाणे त्यांना चहूकडे हात फुटलेले होते. त्यावरून या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात, असा तर्क त्याने केला. पेशी खऱ्या होत्या. तर्क मात्र चुकला होता. मधुमेहाच्या चर्चेत स्वादुपिंडातील ज्या पेशीपुंजांचा उल्लेख येतो, तेही याच लांगरहान्सने प्रथम वर्णिलेले. त्यांचेही कार्य त्यास उमगले नव्हते.

त्वचेतील या पेशींचे खरे काम ध्यानात यावयास शंभरांहून अधिक वर्षे लागली. त्या शरीराच्या पहारेकरी होत. गावच्या वेशीवरील जागल्याने अनोळखी माणूस हेरावा आणि वर्दी देण्यासाठी थेट चावडी गाठावी, तसे त्यांचे वर्तन असते. त्वचेतून शिरू पाहणाऱ्या जंतूचा अथवा परक्या द्रव्याचा अंश उचलून त्या जवळच्या लसीकाग्रंथीत जातात आणि तेथील टी पेशींना तो दाखवितात. मग शत्रू कोण हे टी पेशींना कळते.

परंतु हाच जागल्या उन्हाने निष्प्रभ होतो. सूर्यप्रकाशातील जे किरण डोळ्यांना दिसत नाहीत त्या जंबुपार किरणांपैकी सुमारे २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे, म्हणजे ‘ब’ वर्गाचे किरण बहुतांशी त्वचेच्या वरच्या थरातच शोषले जातात, आणि लांगरहान्स पेशींची वस्ती नेमकी तेथेच आहे. त्याहून लांब असे ‘अ’ वर्गाचे किरण अधिक खोल उतरतात.

या गोष्टीचा उलगडा झाला तो उंदरांच्या गाठींवरून. अमेरिकन संशोधिका मार्गारेट क्रिप्की यांनी १९७४ साली दाखवून दिले की, जंबुपार किरणांनी उत्पन्न झालेल्या त्वचेच्या गाठी काढून त्याच वंशाच्या निरोगी उंदरांत लावल्या, तर बहुतेक गाठी त्यांचे शरीर झिडकारून टाकते. मग ज्या उंदराच्या अंगी ती गाठ प्रथम वाढली, त्याच्या शरीराने ती का सहन केली? उत्तर पुढील प्रयोगांत मिळाले. ज्या उंदरांना नुसतेच किरण दिले होते, ज्यांना अद्याप एकही गाठ आलेली नव्हती, तेही लावलेली गाठ झिडकारू शकले नाहीत. किरणांनी केवळ रोग निर्माण केला नव्हता. त्याला अडविणारे हातही बांधून ठेवले होते.

हे घडते कसे? किरणांमुळे पेशींतील डीएनएचे शेजारी शेजारी असलेले घटक एकमेकांस चिकटतात. ही इजा झालेल्या त्वचापेशी प्रतिकार मंदावणारी द्रव्ये सोडू लागतात. कातडीच्या बाह्य थरातील युरोकॅनिक आम्लाचा रेणूही किरण लागताच आपली ठेवण बदलतो आणि त्यानेही प्रतिकार दबतो. इकडे लांगरहान्स पेशी त्वचा सोडून निघून जातात. त्यांपैकी ज्या लसीकाग्रंथीत पोहोचतात त्या इशारा देण्याऐवजी जणू ‘सर्व काही ठीक आहे’ अशी वर्दी देतात, आणि प्रतिकाराला आवर घालणाऱ्या टी पेशींचा एक वर्ग तयार होतो.

शरीराने असा आत्मघात का करावा, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु तो आत्मघात नसून बहुधा एक समंजस तडजोड असावी. ऊन लागल्याने स्वतःच्याच पेशी विद्रूप होतात. त्यांना परके समजून शरीर दररोज स्वतःशीच लढू लागले, तर जगणे कठीण होईल. काही लोकांना, विशेषतः थंड देशांत, वसंतातील पहिल्या उन्हानेच अंगावर खाजरे पुरळ उठते. अशांच्या त्वचेतील लांगरहान्स पेशी किरणांनंतरही सहजासहजी जागा सोडीत नाहीत, असे आढळले आहे.

वैद्यकाने या दुर्बलतेचाही उपयोग करून घेतला. सोरायसिसमध्ये प्रतिकारपेशी त्वचेवर अकारण तुटून पडतात. तेथे मोजून दिलेले किरण गुणकारी ठरतात. आपल्याकडे कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसविण्याची पद्धत फार जुनी आहे. बावचीतील सोरालेन हे द्रव्य ‘अ’ वर्गाच्या किरणांनी क्रियाशील होते, आणि त्याच कुळातील औषध देऊन सोरायसिसवर किरणोपचार करण्याची पद्धत १९७४ साली पुढे आली. मात्र हा उपचार दीर्घकाळ चालला तर त्वचेच्या कर्करोगाची भीती वाढते.

सावळी कातडी कर्करोगापासून पुष्कळ संरक्षण देते, हे खरे. पण प्रतिकार मंदावण्याचा परिणाम गडद वर्णाच्या त्वचेतही दिसून आला आहे. कातडी लाल होऊन भाजण्याइतके ऊनही त्यासाठी लागत नाही. कडक उन्हातून हिंडून आल्यावर दोनचार दिवसांनी काहींच्या ओठांच्या कडेला पाण्याचे फोड उठतात. त्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षे निजून असतो. पहारा ढिला पडला की तो उठून बाहेर येतो.