सेकंडहँड विजेची गाडी आणि सरकारचे बिनव्याजी कर्ज

१८४२ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरा ते ग्लासगो या रेल्वेमार्गावर एक अजब इंजिन धावले. त्याला बॉयलर नव्हता, कोळसा लागत नव्हता आणि धूरही निघत नव्हता. ॲबर्डीनच्या रॉबर्ट डेव्हिडसन यांनी बनवलेल्या या इंजिनाचे नाव होते ‘गॅल्व्हानी’. जस्त आणि आम्ल यांच्या बॅटऱ्यांवर ते ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर वेगाने चालले. म्हणजे विजेवर गाडी ओढता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. घोडे अडले ते खर्चावर. बॅटरीत झिजणारे जस्त हे बॉयलरमध्ये जळणाऱ्या कोळशापेक्षा कितीतरी महाग पडत होते.

विजेच्या वाहनांचा पुढचा बराचसा इतिहास या पैशाच्या प्रश्नाभोवतीच फिरतो. आज बॅटरी बदलली आहे, मोटार बदलली आहे, एका चार्जिंगमध्ये शेकडो किलोमीटर जाणाऱ्या गाड्या रस्त्यावर आहेत. तरीही सामान्य कुटुंब शोरूमच्या दारातूनच परत फिरते, कारण किंमत. या अडचणीवर स्कॉटलंडच्या सरकारने काढलेला उपाय साधा वाटतो, पण त्यामागचा विचार फार खोल आहे. कुटुंबाला सेकंडहँड विजेची गाडी घ्यायची असेल, तर सरकारने बिनव्याजी कर्ज द्यायचे.

योजना काय आहे?

स्कॉटलंडमध्ये कमी प्रदूषण करणाऱ्या वाहनांसाठी बिनव्याजी कर्ज २०११ पासून मिळू लागले. पैसा सरकारच्या ‘ट्रान्सपोर्ट स्कॉटलंड’ या वाहतूक विभागाचा आणि अर्ज, छाननी, वाटप हे काम ‘एनर्जी सेव्हिंग ट्रस्ट’ या संस्थेचे, अशी विभागणी झाली. सुरुवातीला हे कर्ज नव्या गाड्यांना होते. २०२० मध्ये वापरलेल्या गाड्यांसाठी वेगळे कर्ज सुरू झाले. जुन्या इलेक्ट्रिक कारसाठी २०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १९ लाख रुपये, आणि जुन्या इलेक्ट्रिक मोटारसायकल किंवा मोपेडसाठी ५,००० पौंडांपर्यंत. कारच्या कर्जाची परतफेड पाच वर्षांत करायची. पुढे निधी आणि अटी बदलत गेल्या, पण बिनव्याजी हप्ता हा योजनेचा गाभा राहिला.

व्याज नसल्याने नेमका काय फरक पडतो, ते हिशेब मांडला की कळते. २०,००० पौंडांचे कर्ज ६० हप्त्यांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ३३३ पौंड भरावे लागतात. तेच कर्ज वार्षिक ८ टक्के दराने घेतले असे धरले, तर हप्ता सुमारे ४०५ पौंडांवर जातो आणि पाच वर्षांत नुसत्या व्याजापोटी ४,३०० पौंडांहून जास्त रक्कम जाते. ८,००० पौंडांची एखादी छोटी जुनी गाडी घेतली, तर बिनव्याजी हप्ता १३३ पौंडांच्या आसपास बसतो. पेट्रोलवर महिन्याकाठी मोठी रक्कम घालवणाऱ्या कुटुंबाचा हप्त्याचा बराचसा भाग इंधनाच्या बचतीतूनच निघू शकतो.

सरकारच्या दृष्टीनेही कर्जाचा एक मोठा गुण आहे. अनुदान एकदा दिले की संपते. कर्जाची मुद्दल मात्र परत येते आणि पुढच्या कुटुंबाला देता येते. सरकारला सोसावा लागतो तो व्याजाचा भार, कारभाराचा खर्च आणि थकलेल्या हप्त्यांचा तोटा. तेवढ्या खर्चात तोच पैसा एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतो.

सेकंडहँडच का?

ब्रिटनमध्ये २०२४ साली सुमारे साडेएकोणीस लाख नव्या कार विकल्या गेल्या, तर जुन्या कारचे सुमारे ७६ लाख व्यवहार झाले. एका नव्या गाडीमागे जवळजवळ चार जुन्या गाड्या, असे हे प्रमाण आहे. अनेक कुटुंबे नवी गाडी कधीच घेत नाहीत. मग सगळी सवलत नव्या गाडीवरच दिली, तर ती मुळात ऐपत असलेल्यांच्याच पदरात पडते.

या जुन्या इलेक्ट्रिक गाड्या बाजारात येतात कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या गाडीवर कर्मचाऱ्याला कर भरावा लागतो. जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांसाठी गाडीच्या किमतीच्या ३७ टक्क्यांपर्यंत रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाते. पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांसाठी मात्र हे प्रमाण २०२०-२१ मध्ये शून्य, पुढच्या वर्षी १ टक्का आणि त्यानंतर तीन वर्षे २ टक्के होते. साहजिकच कंपन्यांनी मोठ्या संख्येने इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या. अशा गाड्या बहुधा तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर असतात. करार संपला की त्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उतरतात. एका बाजूला कर-सवलतीने पुरवठा वाढवला आणि दुसऱ्या बाजूला बिनव्याजी कर्जाने मागणीला बळ दिले, अशी ही जोडी जुळली.

बॅटरीची भीती आणि बारा पट्ट्या

जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन उघडून पाहता येते. विजेच्या गाडीत ते इंजिनच नसते. क्लच नाही, स्पार्क प्लग नाहीत, इंजिन ऑइल नाही, सायलेन्सर नाही. गाडी वेग कमी करते तेव्हा मोटारच जनित्र होऊन बॅटरीत वीज परत भरते, त्यामुळे ब्रेकही कमी झिजतात. सगळी धास्ती एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे बॅटरी.

निस्सान लीफ ही जगभर खपलेली सुरुवातीची इलेक्ट्रिक कार. तिच्या डॅशबोर्डवर चार्जिंगच्या खुणांशेजारी, अगदी उजव्या कडेला बारा छोट्या पट्ट्या दिसतात. त्या आज किती चार्ज आहे हे सांगत नाहीत. बॅटरीची मूळ क्षमता किती शिल्लक आहे, हे त्या दाखवतात. पहिली पट्टी गेली की सुमारे १५ टक्के क्षमता गेली असे समजायचे. त्यापुढची प्रत्येक पट्टी साधारण सहा टक्क्यांची. जुनी लीफ घेणारा जाणकार ग्राहक रंग आणि सीट पाहण्याआधी या पट्ट्या मोजतो.

लिथियम-आयन बॅटरी झिजते ती आतल्या रासायनिक क्रियांमुळे. ऋणाग्रावर एक पातळ थर साचत जातो आणि तो थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. उष्णता, वारंवार जलद चार्जिंग आणि पूर्ण चार्ज करून गाडी दिवसेंदिवस उभी ठेवणे यांनी हा वेग वाढतो. तरी ही झीज लोकांना वाटते तेवढी भयंकर नाही. जिओटॅब या कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये जो निष्कर्ष दिला, त्यानुसार बॅटरीची क्षमता सरासरी वर्षाला १.८ टक्के घटते. अनेक उत्पादक आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात, आणि ही हमी साधारणपणे गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते.

काही खाचखळगे मात्र माहीत हवेत. सुरुवातीच्या अनेक रेनो झोई गाड्या ब्रिटनमध्ये भाड्याच्या बॅटरीसह विकल्या गेल्या. अशी जुनी गाडी घेतली की बॅटरीचे मासिक भाडे नव्या मालकाच्या गळ्यात पडते. जुन्या लीफमध्ये जलद चार्जिंगसाठी चाडेमो पद्धतीचा प्लग आहे, तर युरोपातल्या बहुतेक नव्या गाड्या सीसीएस प्लग वापरतात, म्हणून जवळचा जलद चार्जर गाडीला जुळतो का, हे आधी पाहावे.

ऑर्कनीची बेटे

कमी पल्ल्याची जुनी गाडी किती कामाची ठरू शकते, हे पाहायचे तर स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहाकडे पाहावे. इथली लोकसंख्या सुमारे २२,००० आहे. वारा इतका जोरकस की पवनचक्क्या आणि इतर अक्षय स्रोतांतून २०१३ पासून इथे वर्षभराच्या गरजेपेक्षा जास्त वीज तयार होते. मुख्य भूमीला जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलची क्षमता अपुरी पडल्याने वारा वाहत असतानाही कधी कधी पवनचक्क्या बंद ठेवाव्या लागतात. पेट्रोल मात्र जहाजाने आणावे लागते.

बेटावर रोजचे अंतर थोडेच असते. २०११ च्या लीफचा पल्ला अमेरिकी सरकारी चाचणीत ११७ किलोमीटर भरला होता. त्यातला चौथा हिस्सा गेला तरी बाजारहाट, शाळा आणि नोकरी यांसाठी ती पुरते. ऑर्कनीत इलेक्ट्रिक गाड्यांचे प्रमाण स्कॉटलंडमध्ये आघाडीवर आहे. मुख्य भूमीवर लांबच्या प्रवासाला अपुरी म्हणून विकलेली गाडी अशा ठिकाणी आणखी बरीच वर्षे काम देऊ शकते.

कर्जाने न सुटणारे प्रश्न

या योजनेला मर्यादाही आहेत. कर्ज देताना परतफेडीची ऐपत तपासली जाते, त्यामुळे सर्वांत गरीब घरे बाहेर राहू शकतात. एडिंबरा आणि ग्लासगो इथल्या जुन्या दगडी इमारतींत राहणाऱ्यांना सहसा स्वतःची पार्किंगची जागा नसते, त्यामुळे घरी चार्जिंग करता येत नाही. ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, तर सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. म्हणजे ज्याच्याकडे अंगण नाही, त्यालाच वीज महाग. गाडीसाठी कर्ज देणाऱ्या सरकारने रस्त्याकडेच्या चार्जिंगचा आणि करातल्या या तफावतीचा प्रश्न सोडवला नाही, तर योजनेचे अर्धे फळ वाया जाईल.

तरीही या प्रयोगाचे मोल मोठे आहे. ब्रिटनमधल्या कायद्यानुसार उत्पादकांच्या नव्या कारविक्रीत शून्य-उत्सर्जन गाड्यांचा वाटा २०२४ मधल्या २२ टक्क्यांवरून २०३० पर्यंत ८० टक्क्यांवर न्यायचा आहे. या गाड्या काही वर्षांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाकडे जाणारच आहेत. त्या वेळी घेणाऱ्याच्या हातात परवडणारा हप्ता नसेल, तर तो पुन्हा जुनी पेट्रोल गाडीच घेईल. म्हणून स्वच्छ वाहतुकीचे कोणतेही धोरण आखताना पहिल्या मालकाइतकाच दुसऱ्या मालकाचा विचार झाला पाहिजे.