न्यू जर्सीची पेटी

पोरगा आंबा उचलतो, देठाजवळ नाक नेतो, चहूबाजूंनी फिरवून बघतो. दाबत नाही. दाबलेला आंबा बोटाचा ठसा घेऊनच अमेरिकेत उतरतो, हे त्याला आल्याआल्या बजावलेलं आहे. खांद्यापाशी चिकाचा काळपट ओघळ दिसतो आणि आंबा डावीकडच्या क्रेटमध्ये जातो. डावीकडचा क्रेट वाशीच्या बाजाराचा, उजवीकडचा न्यू जर्सीचा. दोन्हींत चवीचा फरक काडीचा नाही. फरक कातडीचा आहे.

मे महिना, संध्याकाळचे सात. वाशीतलं पॅकहाऊस. बाहेर अंगाला चिकटणारी हवा, आत पंख्यांचा घरघराट आणि अर्धवट पिकल्या हापूसचा तो वास, ज्याला अजून गोडी आलेली नाही.

"कुठला रे तू?"

"बालाघाट."

मुंबईत एवढं पुरतं. पण मी शेजारच्या गोंदियाचा. "बालाघाट म्हणजे नेमकं?"

"परसवाडा जी." आता त्याची मान वर येते. "काकाजी, तुमी तिकडलेच का?"

तिकडे आंबा होत नाही का, असं विचारतो.

"जंगलभर आहे जी. पन आंबट. माय कापते, वाळवते, आमचूर करते, बजारात इकते." हातातला हापूस तो उजवीकडे ठेवतो आणि हसतो. "हे कोनी वाळवू देईन का?"

परसवाड्याच्या अंगाला मोहफूल वाळतं, आंब्याच्या फोडी वाळतात. जे टिकवायचं, लांब न्यायचं, त्यातलं पाणी आधी उन्हाला देऊन टाकायचं. वाळल्या मालाला मग कसली घाई नसते. इथं उलट आहे. आंब्याच्या गरात शंभरातले ऐंशी भाग पाणीच, आणि विमानाचं भाडं भरायचं ते मुख्यतः हे पाणी पाण्याच्याच रूपात समुद्रापार न्यायला.

पेटी साडेतीन किलोची, पुठ्ठ्याची, बहुधा डझनाची. हवेच्या भोकांना बारीक जाळी, कारण एकदा स्वच्छ ठरलेल्या पेटीत नवी माशी शिरता कामा नये. बाजूवर विकिरणाचं हिरवं गोल चिन्ह. पेट्या रचून ढकलगाडीवरून पणन मंडळाच्या विकिरण केंद्रात जातात आणि पोरगा मागे राहतो. त्याचं काम इथवरच.

केंद्रात मला काचेच्या अलीकडे उभं केलं जातं. पलीकडे जाड काँक्रीटची भिंत आणि वळणावळणाची वाट, म्हणजे सरळ रेषेत निघालेला किरण भिंतीवरच आपटावा. त्या खोलीच्या पोटात पाण्याची खोल टाकी आणि टाकीत कोबाल्ट-६०. काम नसतं तेव्हा तो पाण्याखाली झोपवलेला असतो. आता भोंगा वाजतो, पडद्यावर दिवा बदलतो, पेट्या आत सरकतात. दिसत काहीच नाही. आंबा गरम होत नाही, चमकत नाही, बाहेर येतो तो गेला तसाच. अमेरिकेची अट आहे किमान ४०० ग्रेची. ती मात्रा पोचली की नाही, हे पेट्यांसोबत फिरणाऱ्या मोजमापाच्या पट्ट्या सांगतात. अमेरिकी कृषी खात्याचा माणूस त्यांचे आकडे वहीत टिपतो आहे. त्याच्यासमोर चहा निवतो आहे आणि कोणी त्याला हटकत नाही.

हा सगळा खटाटोप कोयीतल्या भुंग्यासाठी. मादी कोवळ्या फळावर अंडं घालते, अळी कोयीत शिरते आणि वरची जखम भरून येते. फळ कापून कोय फोडल्याखेरीज तो पाहुणा सापडत नाही. किरणांचं काम त्याला जागच्या जागी मारणं नव्हेच, त्याचा वंश पुढे चालू नये एवढं पाहणं आहे. याच किडींच्या धास्तीनं अमेरिकेचं दार १९८९ पासून बंद होतं. मार्च २००६ मध्ये तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बुश दिल्लीत आले, आंब्याची गोष्ट निघाली आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या गेल्या. त्या गेल्या लासलगावहून. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ते विकिरण यंत्र मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेलं. कांद्याच्या घरात हापूसला आसरा मिळाला, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच बागेतला आंबा जपानला निघाला, तर त्याला ४७.५ अंशांच्या वाफेत २० मिनिटं काढावी लागतात. युरोपला निघाला, तर ४८ अंशांच्या पाण्यात तासभर. २०१४ च्या मे महिन्यात युरोपनं फळमाशीपायी भारतीय आंबा बंद केला, आणि बंदी उठल्यापासून ही अंघोळ पक्की झाली. प्रत्येक देशाचं सोवळं निराळं.

रात्री साडेनऊला वातानुकूलित गाडी निघते, मी मालासोबत निघालेल्या एजंटाशेजारी. ड्रायव्हर काटा १३ अंशांवर ठेवतो. कुणी नवखा "जास्त थंड म्हणजे जास्त टिकेल" म्हणून तो ५ वर नेतो, आणि मग साल काळवंडते, आंबा पिकायचंच विसरतो. हे एजंट खाडीपूल ओलांडताना सांगतो, मोबाइलवरून नजर न काढता. त्याच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल आहे: फायटो म्हणजे फळ कीडमुक्त असल्याचा दाखला, शिपिंग बिल, विकिरणाचा दाखला, एअरवे बिल. खड्डा आला की तो आंब्यांची चौकशी करत नाही, फाइल सावरतो.

त्याला कारण आहे. २०२५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथं आंब्याच्या १५ खेपा अडल्या. विकिरण झालेलं होतं, नोंदींच्या कागदात गफलत निघाली. परत न्या नाहीतर नष्ट करा, असा हुकूम. परत आणायचं भाडं मालाला परवडत नाही, त्यामुळे फळं तिथंच नष्ट करण्यात आली. निर्यातदारांनी नुकसान सांगितलं पाच लाख डॉलरांचं. किडीपेक्षा कागदाची धास्ती मोठी का, ते या फाइलकडे बघून कळतं.

सहार विमानतळाच्या कार्गो टर्मिनलबाहेर गाड्यांची रांग. पुढच्या गाडीत थर्माकोलच्या खोक्यांतलं पापलेट, दुबईला निघालेलं. पलीकडे गोठवलेल्या पराठ्यांचे नमुने, सुक्या बर्फात. सुका बर्फ म्हणजे उणे ७८.५ अंशांचा घट्ट कार्बन डायऑक्साइड, वितळून पाणी न होता सरळ वायू होणारा. एका खोक्यावरून सफेद धूर सांडतो आहे, आणि लोडर ओरडतो, "त्या फ्लाइटला कुत्रा आहे, हे दुसरीकडे घ्या!" विमानाच्या पोटात तो वायू साठला, तर पिंजऱ्यातल्या जनावराचा श्वास कोंडेल. पराठ्याला काय, तो गप्प बसतो.

आत एक्स-रे, मग काटा. इथं नुसतं वजन चालत नाही. सहा हजार घनसेंटिमीटर जागा म्हणजे एक किलो धरायचं, आणि वजन आणि जागा यांत जे जास्त भरेल त्याचे पैसे. म्हणून पेटीत मोकळी जागा ठेवणं महाग. पण फार दाटून भरलं तर हवा खेळत नाही. पेट्या अल्युमिनियमच्या पॅलेटवर चढतात, जाळं ओढून आवळलं जातं, वरून चंदेरी उष्णतारोधक आच्छादन. शीतगृहात १३ अंश आणि विमानाच्या पोटातही सोय आहे. धोका आहे मधल्या डांबरावर. दिवसभर तापलेला एप्रन आणि विमानाला झालेला उशीर, एवढ्यात आच्छादनाखालच्या आंब्याचा घाम निघतो.

समुद्रानं का नेत नाहीत, असं मी विचारतो. जून २०२२ मध्ये नेला होता केसर, न्यू जर्सीला, साधारण २५ दिवसांत. "केसरला जमतं," एजंट म्हणतो. "हापूस बोटीत बसवला तर बोटीतच खावा लागेल."

पावणेबाराला त्याचा फोन वाजतो. प्रवासी भरगच्च, बॅगा जास्त, आणि लांबच्या पल्ल्याला इंधनही भरपूर. बॅगांना पहिला मान, उरलेल्या जागेत कार्गो. आमची पॅलेटं दोन, एक हापूसचं, एक केसरचं; त्यांतलं एकच जाईल. तो फोन कानाशी धरूनच शीतगृहाच्या दारातल्या सुपरवायझरला हाक मारतो.

"दादा, एकच जातंय. हापूस पुढे काढा, केसर परत तेराला लावा. आणि टॅग तपासा हां, मघाशी दोन्ही शेजारी होते." मग फोनमध्ये, वाशीला: "उद्याचा लॉट कमी भरा. केसरचा फायटो आजच्या तारखेचा आहे, तो चालतो का ते आत्ताच विचारा. सकाळी नाही, आत्ता."