‘स्ट्राइक’ आणि ‘हरताळ’



इंग्रजी मी शाळेत शिकलो नाही. युनियनचे करारनामे वाचता यावेत म्हणून कोश उशाशी घेऊन शिकलो. त्या दिवसांत ‘स्ट्राइक’ या शब्दाने मला फार छळले. कोश उघडावा तर अर्थ ‘प्रहार करणे’. एका वाटाघाटीत मालकपक्षाचे एक गृहस्थ मला म्हणाले, “तुमच्या शब्दातच मारामारी आहे!” तेव्हा मजजवळ उत्तर नव्हते.

पुढे माग काढला. या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतले ‘स्ट्रीकान’. त्याचा अर्थ हलकेच फिरवणे, घासणे, सारणे. ‘स्ट्रोक’ हा त्याचाच भाऊबंद. प्रहाराचा अर्थ मागाहून आला. मूळ अर्थाच्या खुणा अजून आहेत. मापात भरलेले धान्य वरून पट्टी फिरवून सपाट करायचे, तर त्यालाही ‘स्ट्राइक’च म्हणतात. जहाजाचे शीड किंवा निशाण खाली घेण्यालाही तोच शब्द.

संपाचा अर्थ अभ्यासक या शिडाशीच जोडतात. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी वेतनवाढ मागितली आणि जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शीड नाही तर जहाज हलत नाही. जहाज हलत नाही तर व्यापार चालत नाही. त्याच वर्षापासून ‘स्ट्राइक’ हा शब्द काम थांबवण्याच्या अर्थाने आढळतो.

आता आपल्याकडे पाहा. ‘हरताळ’ शब्दाची गोष्ट नेमकी उलटी. तिकडे एका मुळाला अनेक फांद्या फुटल्या. इथे दोन निराळी मुळे एका रूपात मिळाली. पोथीतली चूक झाकण्यासाठी लेखनिक जे पिवळे खनिज फाशीत, ते संस्कृत ‘हरिताल’. ‘हरताळ फासणे’ त्यातून आले. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ मात्र ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताला’ म्हणजे कुलूप यांतून झाला. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी गांधीजींनी पुकारला तो हा हरताळ.

आणि आपला ‘संप’? शेजारच्या गुजरातीत या शब्दाचा अर्थच मुळी एकोपा.

तेव्हा शीड उतरवणे, कुलूप लावणे, एकोपा राखणे, या तिन्हींत हात कोणावर उगारला आहे? ते गृहस्थ पुन्हा भेटले, तर एवढेच विचारीन.