शाळा आणि हत्तीरोग

तमिळनाडूतील कुंभकोणच्या नैर्ऋत्येस सात-आठ किलोमीटरांवर पट्टीश्वरम् नावाचे गाव आहे. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली, म्हणून गावाला हे नाव पडले असे सांगतात. बालसंत ज्ञानसंबंधर भर उन्हातून दर्शनाला येत असता शंकराने त्याच्यावर मोत्यांचा मांडव धरविला आणि त्याचे येणे आपल्याला दिसावे म्हणून नंदीला बाजूला सरण्याची आज्ञा केली, अशीही कथा आहे. सरकून बसलेला तो नंदी भाविकांना आजही दाखविला जातो. गावाभोवती कावेरीच्या फाट्यांनी आणि कालव्यांनी भिजलेली भातशेती, नारळीची बने आणि विड्याच्या पानांचे मळे आहेत. जवळच्या पळैयारै येथे एके काळी चोळांची राजधानी होती. पुढे तंजावरच्या मराठी राज्याची सुमारे पावणेदोनशे वर्षे याच मुलखात गेली आणि अनेक मराठी घराणी येथे कायमची रुजली.

या सुपीक मुलखाला एका रोगाने फार जुन्या काळापासून ग्रासले होते. तमिळ भाषेत त्याला ‘यानैक्काल्’, म्हणजे हत्तीचा पाय म्हणतात. आयुर्वेदाने त्यास श्लीपद म्हटले. मराठीत तो हत्तीरोग. कुंभकोण आणि हत्तीरोग ही जोडी दक्षिणेत इतकी परिचयाची होती, की क्षेत्राच्या कीर्तीबरोबर ही अपकीर्तीही प्रवास करीत असे. सुजून खांबासारखा झालेला पाय, खरखरीत झालेली कातडी, वरचेवर येणारा ताप आणि त्या पायापायी मोडलेली लग्ने, सुटलेली कामे, घरातल्या मागच्या खोलीत काढलेली आयुष्ये, हे त्या रोगाचे खरे रूप होय. त्याने माणूस सहसा मरत नाही. म्हणूनच की काय, पटकी आणि देवी यांच्याकडे जितके लक्ष गेले तितके याच्याकडे गेले नाही.

या रोगाचा आणि शाळेचा संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. सुजलेला पाय दिसतो तो प्रौढाचा. शाळेतली मुले तर उड्या मारीत असतात. पण नेमकी येथेच गफलत होते. रोगाचा प्रवेश बहुधा बालपणीच होतो. सुतासारखे बारीक जंत शरीरातील लसिकावाहिन्यांत घर करतात, तेथे काही वर्षे जगतात आणि लक्षावधी सूक्ष्म पिले रक्तात सोडतात. त्या वाहिन्या हळूहळू निकामी होतात आणि त्यांतून वाहणारा रस अवयवात साचू लागतो. हे सर्व होईपर्यंत दहा-वीस वर्षे सहज निघून जातात. पायाला सूज दिसते तेव्हा त्या माणसाची शाळा कधीच संपलेली असते. हत्तीरोग दिसतो मोठ्यांचा, पण जडतो लहानांना.

त्याची दुसरी खोड अधिक चमत्कारिक आहे. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुइस याला माणसाच्या रक्तात ही सूक्ष्म पिले आढळली. १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन याने ती डासाच्या पोटात वाढताना पाहिली. किड्याच्या द्वारे माणसाचा रोग पसरतो या शोधाचा आरंभ येथूनच झाला. मॅन्सनला आणखी एक गोष्ट कळली. ही पिले दिवसा रक्तात जवळजवळ सापडतच नाहीत. ती फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री, विशेषतः दहा ते दोनच्या सुमारास, कातडीखालच्या रक्तात येतात. ज्या क्यूलेक्स डासाला त्यांना पुढे न्यायचे असते, तो चावतोही रात्रीच. किड्यांच्या जगातील वेळापत्रक आगगाडीच्या वेळापत्रकाहून पुष्कळच काटेकोर असते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

याचा परिणाम असा, की रोगाची तपासणी करणाराला रात्री गावात शिरावे लागे. १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यातील कर्मचारी दिवा आणि काचपट्ट्या घेऊन मध्यरात्री दारे ठोठावीत, झोपेतून उठविलेल्या माणसांच्या बोटाला सुई टोचीत आणि रक्ताचे थेंब काचेवर घेत. निजलेले मूल रडे, म्हातारी शिव्या घाली. ज्याला काहीही होत नाही त्याच्या अंगणात येऊन रात्री बारा वाजता रक्त मागायचे, हा व्यवहार लोकांना पटणे कठीणच होते. ज्या घरात कोणी आधी उलगडून सांगितले असेल तेथे दार उघडे. नसेल तेथे कडी लागलेली असे.

औषधाच्या बाबतीतही तीच अडचण आली. डाइएथिलकार्बामाझिन हे औषध रक्तातील पिलांना मारते, परंतु पूर्ण वाढलेल्या जंतांवर त्याचा अंमल अपुरा पडतो. म्हणून गावातील एखाददुसऱ्याला औषध देऊन भागत नाही. सगळ्या गावाने वर्षातून एकदा, आणि सलग पाच-सहा वर्षे, ते घेतले तर डासाला वाहून नेण्याजोगे काही उरत नाही आणि जुने जंत आपल्या मरणाने मरतात. भारतात १९९७ साली काही निवडक जिल्ह्यांत, तमिळनाडूतीलही, असे सामुदायिक औषधपान सुरू झाले आणि २००४ पासून ते देशभरातील रोगग्रस्त जिल्ह्यांत नेण्यात आले. पुढे त्याला जंतांवरच्या अल्बेंडाझोलच्या गोळीची जोड मिळाली. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे वगळता सर्वांनी गोळ्या घ्यायच्या. अंगात जंत असलेल्याला त्या घेतल्यावर ताप, डोकेदुखी, क्वचित भोवळ येते. पिले मरू लागल्याची ती खूण असते. हे ज्याला सांगितलेले नसते तो म्हणतो, ‘चांगला होतो, गोळीने आजारी पडलो.’ मग त्या आळीत पुढच्या वर्षी गोळ्या उंबऱ्यावरच राहतात, आणि हातात घेतलेल्या गोळ्याही पोटात जात नाहीत.

ज्याला रोग जाणवत नाही त्याने, शेजाऱ्याच्या मुलाला रोग होऊ नये म्हणून, स्वतः औषध घ्यायचे. ही गोष्ट हुकमाने साधत नाही आणि भिंतीवरच्या फलकानेही साधत नाही. ती कारण कळल्यानेच साधते. आणि कारण कळून घेण्याची सवय ज्या एका ठिकाणी रोज लावली जाते, ते ठिकाण म्हणजे शाळा. शाळेत आणखी एक सोय होती. हे औषध उपाशीपोटी घ्यायचे नसते. कामराजांच्या काळात, १९५६ साली, मद्रास राज्यात शाळकरी मुलांना दुपारचे जेवण देण्याची योजना सुरू झाली आणि १९८२ पासून एम. जी. रामचंद्रन यांनी ती फार मोठ्या प्रमाणावर वाढविली. पंगत उठली की गोळी, आणि ती गुरुजींच्या डोळ्यांदेखत गिळायची, ही व्यवस्था त्यामुळे सहज बसू शकते.

मूल शाळेत आले की त्याच्या प्रकृतीची जबाबदारीही शाळेवर येते, ही कल्पना या भागात नवी नाही. तंजावरच्या सरफोजी महाराजांनी १८०१ साली आपल्या अन्नछत्रांची हकीकत इंग्रज रेसिडेंटास लिहून कळविली होती. छत्रात आलेल्या परक्यांची पोरकी मुले तेथील पंतोजीच्या स्वाधीन केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, चार दिवसांतून एकदा अंगाला तेल, दुखल्या-खुपल्यास औषध आणि अंगावर कपडे मिळत. त्या छत्रांत वैद्यही नेमलेले असत. ‘शालेय आरोग्य’ हा शब्द जन्माला येण्यापूर्वीचे हे शालेय आरोग्यच होय.

आधुनिक काळात भारतात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ साली बडोदे शहरात झाली. ज्यांच्या राज्यात ती झाली त्या सयाजीराव महाराजांच्या लहानपणी संस्थानाचा कारभार पाहिला होता तो सर टी. माधवराव यांनी, आणि माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणच्याच एका मराठी घराण्यात झाला होता. या योगायोगावर फार मोठा इमला उभारण्याचे कारण नाही, पण तो लक्षात राहण्याजोगा आहे. बडोद्याचे पाऊल मात्र दीर्घकाळ एकटेच राहिले. १९४६ साली भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्याचेच आढळले. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली आणि पुढल्या वर्षी तिचा अहवाल आला. तथापि पुष्कळ शाळांत या विषयाची मजल नखे तपासण्यापलीकडे आणि वजनाचा आकडा वहीत मांडण्यापलीकडे गेली नाही. आकडा वहीतच राही, मूल आकड्याच्या बाहेर वाढत राही. २०२० साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमून आठवड्याच्या वेळापत्रकात त्यांना तास द्यावा अशी योजना आहे; त्या तासात घोकंपट्टी होते की आणखी काही, यावर सारे अवलंबून आहे.

आणखी काही म्हणजे काय, हे हत्तीरोगाच्या बाबतीत फार सोप्या रीतीने दाखविता येते. क्यूलेक्स डास कावेरीच्या वाहत्या पाण्यात वाढत नाही. त्याला तुंबलेले, घाण पाणी हवे असते. परसातील मोरीचे डबके, उघडे गटार, संडासाची टाकी ही त्याची बाळंतिणीची खोली. तिथले पाणी काचेच्या बरणीत घेऊन, तोंडाला फडके बांधून, वर्गाच्या खिडकीत ठेवावे. अळ्या डोके खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाला तिरप्या लटकलेल्या दिसतात. हिवतापाच्या डासाच्या अळ्या मात्र पाण्यावर आडव्या पडून राहतात, हा फरक पाचवीतले मूलही ओळखू शकते. आठ-दहा दिवसांत फडक्याखाली डास गुणगुणू लागतो. ज्या मुलाने हे पाहिले त्याला ‘परिसर स्वच्छ ठेवावा’ हे वाक्य पाठ करण्याची गरज राहत नाही. ते घरी जाऊन संडासाच्या टाकीच्या वायुनळीला जाळी बांधायला वडिलांच्या मागे लागते.

हा प्रयोग केवळ कल्पनेतला नव्हे. केरळातील चेर्तला भागात १९८० नंतरच्या दशकात शाळांतील मुलांची मंडळे स्थापून त्यांना हत्तीरोगाच्या कामात घेण्यात आले. तेथला डास निराळा. कोबीच्या गड्ड्यासारख्या दिसणाऱ्या एका तरंगत्या वनस्पतीच्या मुळांना त्याच्या अळ्या चिकटून श्वास घेतात. मुलांनी ती वनस्पती तळ्यांतून उपसून काढण्याच्या मोहिमेत भाग घेतला, आणि घरोघरच्या मोठ्या माणसांना त्या हिरव्या गालिच्याखाली काय दडले आहे ते प्रथमच समजले.

पुढे एका शोधाने शाळेचे महत्त्व वेगळ्याच रीतीने वाढविले. प्रौढ जंत रक्तात जे द्रव्य सोडतात ते ओळखणारी पट्टी तयार झाली. हे द्रव्य दिवसरात्र रक्तात असते. बोटाचा एक थेंब पट्टीवर टाकावा आणि दहा मिनिटांनी रेघ उमटली की नाही ते पाहावे. रात्रीचा रोग भर दिवसा, शाळेच्या वेळात, दिसू लागला. औषधाची वर्षे पूर्ण झाल्यावर रोगाचा प्रसार खरोखर थांबला किंवा काय, हे ठरविण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी परीक्षा नेमून दिली ती घेतली जाते सहा-सात वर्षांच्या, म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलांची. कारण उघड आहे. आजोबांच्या रक्तात जुने जंत असू शकतात. पण औषधपान सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या रक्तात रेघ उमटली, तर डास अद्याप आपले काम करीत आहे. क्यूलेक्सच्या मुलखात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली असल्यास औषध थांबविता येते, आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराने तीच परीक्षा पुन्हा दोनदा द्यावी लागते. तमिळनाडूतील बहुतेक जिल्हे या कसोटीतून पार पडले आहेत. मोठमोठ्या कचेऱ्यांतून चाललेल्या कार्यक्रमाचा निकाल अखेर पहिलीच्या बाकावर बसलेली, बोट पुढे करताना डोळे मिटून घेणारी मुले देतात.

विदर्भात, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत, ही लढाई अधिक लांबली. औषधपान लवकर आटोपावे म्हणून आयव्हरमेक्टिनसह तीन औषधे एकदम देण्याची पद्धत भारतात ज्या थोड्या जिल्ह्यांत प्रथम आणली गेली, त्यांत २०१९ साली नागपूरही होते. कुंभकोणच्या परिसराला जे कळायला दीर्घकाळ लागला ते तिकडच्या शाळांना आयते घेता येण्यासारखे आहे.

कावेरीकाठी प्रसार ओसरला तरी पूर्वी जडलेला रोग माणसांच्या अंगावर आहेच. सुजलेला पाय गोळीने पूर्वीसारखा होत नाही. पण तो रोज साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुतला, बोटांच्या बेचक्यांतून फडक्याने कोरडा केला, भेगांना मलम लावले आणि निजताना उशीवर उंच ठेवला, तर तापाचे ते भयंकर उमाळे पुष्कळ कमी होतात आणि सूज वाढत नाही. या कामाला रुग्णालय लागत नाही. लागतात एक घंगाळे, साबणाची वडी आणि वाकून बसू शकणारे कोणीतरी. गुडघे धरलेल्या म्हातारीचा हात स्वतःच्या बोटांपर्यंत पोचत नाही. वर्षानुवर्षे लुगड्याखाली झाकून ठेवलेला तो पाय ती सुनेपुढे करीत नाही, डॉक्टरापुढेही नाइलाजानेच करते. शाळेत पाय धुण्याची रीत शिकून आलेली नात घंगाळे घेऊन समोर बसते तेव्हा मात्र, थोडी कुरकुर करून का होईना, ती तो पुढे करते.