फायबरग्लासच्या नौकेची रेषा

शिडाच्या नौकेचे देखणेपण आधी दिसते ते तिच्या काठाच्या रेषेत. ही रेषा नाळेपाशी उंच असते, हळूहळू उतरत मध्याच्या जरा मागे सर्वांत खाली येते आणि मागच्या टोकाकडे पुन्हा किंचित चढते. उंच नाळ समोरची लाट डेकवर येऊ देत नाही. मधल्या उतारामुळे वजन आणि वाऱ्याचा अडसर कमी होतो.

लाकडी नौकेत ही रेषा बिघडवणेच कठीण. लांब फळी आपल्या स्वभावाने वाकते. एकाएकी वळवू गेले तर तडकते. फायबरग्लासला असा स्वभाव नाही. काचतंतूंचे थर रेझिनमध्ये भिजवून साच्यात बसवले की साचा म्हणेल तो आकार. त्यामुळे सारा भार आरेखकाच्या हातावर पडतो. संगणकापूर्वी तो लाकडाची पातळ पट्टी कागदावर शिशाच्या वजनांनी दाबून धरी आणि तिच्या कडेने रेघ ओढी. दाबलेल्या जागांमधून जाताना पट्टी कमीत कमी ऊर्जा साठवणारे वळण घेते. अशा वळणांचे गणित ऑयलरने १७४४ मध्ये मांडले होते. लाकडाचा स्वभाव असा कागदावर उतरे आणि तिथून काचेत जाई. संगणकातल्या ‘स्प्लाइन’ वक्ररेषांना नाव मिळाले तेही या साध्या पट्टीवरूनच!

पृष्ठभागावरचा चकचकीत जेलकोट या रेषेची कठोर परीक्षा घेतो. आरसा एक अंशाने फिरला की परावर्तित किरण दोन अंशांनी फिरतो. म्हणून बोटालाही न जाणवणारा उंचवटा धक्क्याच्या सरळ कडेचे प्रतिबिंब वाकडे करून दाखवतो. गडद रंगाच्या नौकेत तर काहीच लपत नाही.

‘ट्रायटन’ ही फायबरग्लासची शिडाची नौका अशा नेमक्या रेषेचे उत्तम उदाहरण. जानेवारी १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी ती मांडली. लांबी सुमारे साडेअठ्ठावीस फूट, पण पाण्याला टेकणारी लांबी जेमतेम साडेवीस. उरलेली नाळ आणि मागचे टोक पाण्यावर झेपावलेले. ही झेप निव्वळ नखरा नव्हे. नौका स्वतःच्याच लाटेत अडकते, आणि लाटेची लांबी वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. विल्यम फ्रूडच्या एकोणिसाव्या शतकातल्या प्रयोगांनी या लाटांच्या अभ्यासाचा पाया घातला. पाण्यातली लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की व्यवहारातली वेगमर्यादा नॉटमध्ये मिळते. साडेवीस फुटांना ती सुमारे ६.१ येते. नौका वाऱ्याने कलली, पुढचा-मागचा भाग पाण्यात उतरला आणि लांबी २४ झाली, तर ६.६. त्या काळच्या अमेरिकी शर्यतींचे नियम मात्र उभ्या नौकेची लांबी मोजत. डौलदार झेपेचे एक कारण या नियमातही आहे.

फायबरग्लासच्या यशाचे श्रेय नव्या साहित्याला आणि कारखान्याला सहज मिळते. ट्रायटनचा स्वीडिश वंशाचा आरेखक कार्ल अल्बर्ग मागे राहतो. हे अन्यायाचे आहे. साचा कितीही नौका काढील, पण पहिली रेषा चुकली तर ती चूक प्रत्येक नौकेत उतरेल. ट्रायटनच्या सातशेहून अधिक नौका तयार झाल्या. त्यांतल्या कित्येक आजही पाण्यावर आहेत. त्यांची शिडे आणि इंजिने बदलली, रेषा अल्बर्गचीच आहे.